काळी बाहुली आणि बोलकी बाहुली



आजचा प्रश्न ऐकायला साधा वाटतो, पण घरात निघाला की जेवणं थंड होतात. ख्रिस्ती माणसाने भुताखेतांच्या, जादूच्या, मंत्रतंत्राच्या गोष्टींची मजा घ्यावी का? मुलीने शाळेच्या ग्रंथालयातून ‘हॅरी पॉटर आणि परीस’ आणलं तर वाचू द्यावं का? रविवारी दुपारी टीव्हीवर ‘झपाटलेला’ लागला तर चॅनेल बदलायचं का? ‘तुंबाड’ पुन्हा थिएटरात आला तेव्हा कॉलेजातली पोरं निघाली होती. त्यांना अडवायचं का?

सातारा-सांगली पट्ट्यात आम्हाला याची दोन उत्तरं कायम ऐकू येतात. पहिलं : “गोष्टच तर आहे, काय होतंय त्याने!” दुसरं : “सैतानाला दार उघडून देऊ नका.” दोन्ही उत्तरं देणारी माणसं चांगली आहेत. पण गंमत अशी की दोघांनीही बऱ्याचदा ती गोष्ट नीट पाहिलेली नसते. एकाला ती पाहण्याइतकी महत्त्वाची वाटत नाही आणि दुसरा पाहायलाच तयार नाही. समीक्षेचं काम तिथे सुरू होतं. आधी वस्तू हातात घेऊन बघायची आणि मग बोलायचं. म्हणून आज आपण तीन बाहुल्या हातात घेऊ.

पहिली बाहुली तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. कराडकडून सांगलीकडे येताना रस्त्याकडेला नवीन बांधकामं दिसतात. स्लॅब पडलाय, खिडक्या अजून बसायच्या आहेत, आणि पुढच्या खांबाला उलटी टांगलेली काळी बाहुली. ट्रकच्या पुढे लिंबू-मिरची. करणी, मूठ, भानामती, अंगात येणं, देवऋषी हे शब्द आपल्याकडे कादंबरीतले नाहीत, बोलण्यातले आहेत. इंग्लंड-अमेरिकेत या विषयावर जे लिहिलं जातं, त्यात बहुतेक वेळा एक गोष्ट गृहीत असते, की वाचणारा जादूवर विश्वास ठेवत नाही. आपल्याकडे तसं गृहीत धरून चालत नाही.

ज्या जिल्ह्यात आपण बसलोय तिथला इतिहास आठवा. डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत १८९४ साली दवाखाना उभा केला, तेव्हा त्यांची स्पर्धा दुसऱ्या दवाखान्याशी नव्हती. अंगारा, गंडा आणि उतारा यांच्याशी होती. पुढे त्याच मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आयुष्यभर त्याच भीतीशी लढले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. एक श्रद्धावान मिशनरी डॉक्टर, दुसरा विवेकवादी डॉक्टर. दोघांचं देवाबद्दल जमलं नसतं. देवऋष्याबद्दल मात्र दोघांचं एकमत झालं असतं.

आता आमच्या घरातली एक गोष्ट सांगतो. आमच्या लहानपणी टीव्हीवर ‘झपाटलेला’ लागला की आजी उठून आत जायची. रागवायची नाही, टीव्ही बंद करा म्हणायची नाही. आम्ही हसत असायचो आणि ती आत चुलीपाशी बसून असायची. आम्हाला वाटायचं, म्हातारीला विनोद कळत नाही. फार वर्षांनी कळलं. तिच्या माहेरी तिचा धाकटा भाऊ तापाने फणफणला होता. देवऋषी आला, कुणीतरी करणी केलीय म्हणाला, अंगण उकरलं आणि मातीतून एक बाहुली काढून दाखवली. टाचण्या टोचलेली. तीन दिवस उताऱ्यात गेले. दवाखान्यात नेईपर्यंत पोरगा राहिला नाही. आजी ख्रिस्ती झाली ती पुढे, लग्नानंतर. तिच्या लेखी बाप्तिस्म्याचा पहिला अर्थ एवढाच होता, की आता बाहुलीला घाबरायचं नाही. आणि आम्ही तिच्यासमोर बाहुलीत शिरलेल्या आत्म्यावर हसत होतो.

म्हणून जी वडीलधारी माणसं “नको” म्हणतात त्यांना मागास म्हणून झटकू नका. त्यांच्या नकारामागे बहुधा एखादं अंगण असतं.

पण म्हणून सगळ्या बाहुल्या एकच का? इथे दुसरी बाहुली येते आणि ती सांगलीचीच आहे.

५ नोव्हेंबर १८४३. सांगली संस्थानात, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने, विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केलं. मराठी रंगभूमी आपला दिवस आजही त्याच तारखेला साजरा करते. त्या काळच्या भाव्यांच्या नाटकांत प्रेक्षकांना सर्वांत जास्त काय आवडायचं? राक्षस! आरोळ्या ठोकत, तलवारी परजत येणारे राक्षस. म्हणजे मराठी नाटक जन्मलं तेच अद्भुताचा हात धरून. याच भाव्यांनी लाकडी बाहुल्याही केल्या होत्या. त्या पुढे रामदास पाध्ये यांनी दुरुस्त करून पुन्हा रंगमंचावर आणल्या. आणि १९९३ च्या ‘झपाटलेला’साठी तात्या विंचूची बाहुली कुणी केली? याच पाध्यांनी. आमच्या आजीला उठून आत जायला लावणारी बाहुली आणि सांगलीच्या लाकडी बाहुल्या यांच्यामध्ये एकाच माणसाचे हात आहेत.

तुम्ही म्हणाल, भाव्यांचे राक्षस हिंदू पुराणातले, त्यांच्याशी ख्रिस्ती माणसाचा काय संबंध? तर त्याच्या दोनच वर्षं आधी, १८४१ मध्ये, हरि केशवजींनी जॉन बनियनच्या पुस्तकाचं ‘यात्रिकक्रमण’ हे मराठी भाषांतर केलं. ख्रिस्ती घरांत बायबलच्या शेजारी राहिलेलं हे पुस्तक. त्यात काय आहे? पंख असलेला, खवल्यांचा, आग ओकणारा राक्षस आहे. निराशा नावाचा दैत्य आहे, त्याचा किल्ला आहे, तळघरात कोंडलेले यात्रेकरू आहेत. आजच्या भाषेत सांगायचं तर ती चोख फँटसी आहे. दोन वर्षांच्या अंतराने मराठीला एक दैत्य छापील पुस्तकात मिळाला आणि एक राक्षस रंगमंचावर. “ख्रिस्ती माणसाला असल्या गोष्टी वर्ज्य” असं म्हणणाऱ्याने आपल्या आजोबांचं कपाट उघडून बघावं.

साताऱ्यालाही या प्रश्नाचं एक उत्तर मिळालेलं आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१७ मध्ये साताऱ्याला आले आणि इथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ओवी, अभंग, भजन, कीर्तन ही सगळी भांडी त्यांनी ख्रिस्ताच्या गोष्टीसाठी वापरली. भांडं कुणाच्या घरचं, हा प्रश्न त्यांना अडला नाही. त्यात काय वाढलंय आणि कुणासाठी, हे ते बघत होते. १९१९ मध्ये ते गेले, ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं, ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं, तेही ओवीतच.

आता शास्त्राकडे येऊ, कारण वाद शेवटी तिथे जातो. अनुवादाच्या अठराव्या अध्यायात चेटूक, शकुन पाहणं, मृतांना विचारणं यांना स्पष्ट मनाई आहे. त्यात पळवाट नाही. पण मनाई कशाला आहे ते बघा : करण्याला. शौल राजा एन-दोरच्या बाईकडे जातो ते गोष्ट ऐकायला नाही. त्याला उद्याच्या लढाईचं उत्तर मेलेल्या शमुवेलाकडून काढून घ्यायचं असतं. इफिसात लोकांनी जादूची पुस्तकं जाळली, पन्नास हजार रुप्याच्या नाण्यांची. या प्रसंगाचा दाखला फार दिला जातो, पण तो नीट वाचला जात नाही. पुस्तकं आणली कुणी? जे स्वतः ती विद्या करत होते त्यांनी. स्वतःची आणली, स्वतःच्या हाताने जाळली. शेजाऱ्याच्या कपाटावर धाड घातली नाही. आणि त्या गोष्टी नव्हत्या, वापरायची पुस्तकं होती.

उलट त्याच शास्त्रात झाडं राजा निवडायला निघतात ती योथामाची गोष्ट आहे. बलामाची गाढवी बोलते. प्रकटीकरणात सात डोक्यांचा अजगर आहे. ज्या पुस्तकात एवढं आहे, ते कल्पनेला घाबरत असेल असं आम्हाला वाटत नाही.

म्हणजे पहिला फरक हाती आला. काळी बाहुली तुमच्याकडून कृती मागते : हे टांग, ते पूर, एवढे पैसे दे, अमुक नातेवाइकावर संशय घे. बोलकी बाहुली तुमच्याकडून फक्त कल्पना मागते. खेळ संपला की ती पेटीत जाते आणि तुम्ही घरी जाता.

पण एवढ्यावर थांबलो तर आम्हीही “गोष्टच तर आहे” म्हणणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसू. गोष्ट कृती मागत नसली तरी मनात काहीतरी ठेवून जाते. म्हणून प्रत्येक कलाकृती वेगळी तपासावी लागते.

‘झपाटलेला’ घ्या. महेश कोठारेंचा हा सिनेमा भीतीचं हसू करतो, आणि ही मोठी सेवा आहे. ज्या समाजात बाहुली म्हटलं की पोटात गोळा येतो, तिथे लक्ष्मीकांत बेर्डे एका बाहुलीपुढे तंतरतो आणि सगळं थिएटर हसतं, तेव्हा भीतीची थोडी हवा निघते. दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू दुष्ट आहे, पण तो सतत कशात ना कशात अडकतो. शेवटी त्याला संपवणारा देवऋषी नाही, पिस्तूल घेतलेला इन्स्पेक्टर आहे. हे सगळं जमेचं. पण एक बाजू उणी आहे. या गोष्टीत मंत्र हे निव्वळ हत्यार आहे. बाबाकडून शिकला, म्हटला, लागू पडला. त्याची किंमत मोजावी लागत नाही. बाबा हास्यास्पद आहे, पण त्याची विद्या खरी आहे. ज्या घरात करणीचं भय कधी शिरलंच नाही तिथे हे उणेपण कुणाला जाणवणार नाही. ज्या घरात शिरलं होतं तिथे नेमकं तेच रुतेल.

तिसरी बाहुली ‘तुंबाड’मधली. ती कणकेची आहे. राही अनिल बर्वे यांचा हा २०१८ चा हिंदी सिनेमा, पण माती पूर्ण मराठी. नाव पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून आलेलं आणि अंगावर नारायण धारपांच्या भयकथेची सावली. समृद्धीच्या देवीचा पहिला मुलगा हस्तर. त्याला सोनंही हवं होतं आणि धान्यही. सोनं मिळालं, धान्य मिळालं नाही; तो कायमचा उपाशी. विनायक विहिरीत उतरतो, कणकेची बाहुली पुढे करतो, हस्तर खाण्यात गुंतला की त्याच्या लंगोटातून मोहरा ओरबाडतो आणि दोराने वर येतो. पुढे मुलालाही तेच शिकवतो. मुलगा बापाच्या पुढे जातो : थोड्या मोहरा कशाला, आख्खा लंगोटच आणू, बाहुल्या जास्त नेऊ. जितक्या बाहुल्या तितके हस्तर उभे राहतात. शेवटी बाप मुलापुढे तेच धन धरतो आणि मुलगा नाकारतो.

दोन धन्यांची चाकरी करता येत नाही, हे प्रवचनात ऐकून आपल्याला सवय झालीय. ‘तुंबाड’मध्ये ते दिसतं, आणि अंगावर काटा येतो. लोभ वंशपरंपरेने कसा उतरतो, बाप मुलाला धंदा म्हणून पाप कसं शिकवतो, हे इतकं सरळ सांगणारा सिनेमा आमच्या पाहण्यात फार नाही. सिनेमा लहान मुलांचा नाहीच. पण मोठ्या ख्रिस्ती प्रेक्षकाला घाबरण्यासारखं त्यात असेल तर हस्तरपेक्षा विनायक आहे.

तरी आमची एक तक्रार आहे. हा सिनेमा जे नको म्हणतो त्याच्याच प्रेमात आहे. तो अखंड पाऊस, ते लाल गर्भगृह, ती मोहरांची झळाळी कॅमेऱ्याने इतकी देखणी केलीय की पाहणाऱ्याला पुन्हा विहिरीत उतरावंसं वाटतं. २०२४ मध्ये तो परत लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. आम्हीही गेलो. विनायकासारखेच, आणखी एक फेरी म्हणून. हा दोष सिनेमाचा किती आणि आमचा किती, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावं.

आणि हॅरी पॉटर? अनेक घरांत नार्निया चालतं आणि पॉटर चालत नाही. का? तर नार्नियाचा लेखक सी. एस. लुईस ख्रिस्ती विचारवंत म्हणून माहीत आहे. मग विचारावंसं वाटतं, तुम्ही नार्निया वाचलंय का? १९५० च्या पहिल्याच पुस्तकात चेटकीण आहे. पुढच्या पुस्तकात तर बॅकस हा ग्रीकांचा मद्यदेव नाचत येतो. ही निवड वाचून झालेली नाही, डब्यावरची चिठ्ठी बघून झालेली आहे. पॉटरच्या जगात जादू हे जन्माने मिळालेलं कसब आहे, ते शाळेत घासून-पुसून शिकायचं. कुणी आत्म्यांना नवस बोलत नाही. आणि तिथला खलनायक मृत्यू टाळण्यासाठी इतरांना मारतो, तर मुलाला वाचवते ती आईने त्याच्यासाठी दिलेली जीवाची किंमत. यात ख्रिस्ती वाचकाला ओळखीचं काही दिसत नसेल तर त्याने पुस्तक पुन्हा उघडावं.

तेव्हा दुसरा प्रश्न हा : गोष्टीत सत्ता कशी मिळते आणि कुणावर चालते? ओरबाडून मिळते की देऊन टाकल्यावर मिळते? भूत आहे की नाही, यापेक्षा हा प्रश्न जास्त उपयोगाचा आहे. भूत अजिबात नसलेल्या कितीतरी मालिका यात नापास होतील.

आता तिसरी गोष्ट, आणि सर्वांत अवघड. आपल्याकडे गावची जत्रा असते. पैपाहुण्यांना मटणाचं जेवण असतं. बकरं देवापुढे कापलेलं. ख्रिस्ती घराला आग्रहाचं बोलावणं येतं. जायचं का? खायचं का? हा प्रश्न सातारा-सांगलीत दर वर्षी पडतो, आणि करिंथच्या मंडळीला तो जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी अक्षरशः हाच पडला होता. पौलाचं उत्तर थोडक्यात असं : मूर्ती म्हणजे काही नाही हे तुला कळलंय ना, मग अन्नाने तुझं बिघडत नाही. पण शेजारी बसलेला जर कालच त्या भीतीतून बाहेर आला असेल आणि तुझं खाणं बघून पुन्हा आत ओढला जात असेल, तर तुझं ज्ञान बाजूला ठेव. आणि रोमकरांच्या पत्रात दुसरी बाजूही आहे : न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये.

दोन्ही बाजू एकत्र घ्यायच्या आहेत, हे आपण विसरतो. “माझं स्वातंत्र्य” म्हणणारा पहिली विसरतो. आणि व्यासपीठावरून “हे कार्टून पाहिलंत तर घरात दुरात्मा शिरेल” असं सांगणारा दुसरी विसरतो. त्याच्याबद्दल थोडं कठोर बोलतो. भीती दाखवायची, मग त्यावरचा उतारा आपल्याकडेच आहे असं सांगायचं, हा धंदा आपण ओळखतो. देवऋषी तेच करतो. हातात लिंबाऐवजी पवित्र शास्त्र असलं म्हणून धंदा बदलत नाही. जादूटोणाविरोधी कायदाही कुठल्या एका धर्माचं नाव घेत नाही. जो उपदेश ऐकून माणूस आधीपेक्षा जास्त भित्रा होऊन घरी जातो, तो आमच्या मते काळ्या बाहुलीच्याच जातीचा.

मग चॅनेल बदलायचं का? आम्ही नियम देणार नाही. पण त्या दुपारचं विचाराल तर हो, बदलायला हवं होतं. ‘झपाटलेला’ पाप होतं म्हणून नाही. आम्हाला तो आजही आवडतो. आत चुलीपाशी आजी एकटी बसली होती म्हणून. सिनेमा पुढच्या रविवारी मित्राच्या घरी पाहता आला असता. आजीजवळ बसून “तुम्ही का उठता?” एवढं विचारायला मात्र आम्हाला वीस वर्षं लागली.

तिने सांगितलं तेव्हा शेवटी एक वाक्य जोडलं. म्हणाली, “त्या बाहुलीला आता भीत न्हाई मी. पर हसू बी येत न्हाई.” आमच्या मते या विषयावर इतकं समजूतदार बोललेलं आम्ही दुसरं ऐकलेलं नाही. ज्यांना हसू येतं त्यांनी हसावं. ज्यांना येत नाही त्यांच्यापाशी कुणीतरी बसावं. आणि दोघांनी एकमेकांच्या विश्वासाचं माप त्यावरून काढू नये.